ताईचा टॉवेल

६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. उभ्या उभ्याच वाचलं, कारण तोंडात खिळे होते आणि हातात हातोडी. पत्रात हवापाणी आलं, तुझ्या गाडीचा नवा क्लच आला, शेजारणीचं मांजर आलं. "या वर्षी यायला जमेलसं दिसत नाही" हे सगळ्यात शेवटी, चिमटीत मावेल एवढ्या अक्षरात. कारण तेवढं आलं नाही.

बाबा गेल्यापासून दर वर्षी एप्रिलमध्ये तू पंधरा दिवस आमच्याकडे राहतेस. त्यात कधी खंड नाही. मग आताच काय झालं? तू सांगणार नाहीस, म्हणून मीच सांगतो. खुर्ची झाली.

बाबांची खुर्ची मी तुला न विचारता नव्याने बांधली हे खरं. स्प्रिंगा नव्या, काथ्या नवा, वर गडद तपकिरी रेक्झिन, कडेला पाइपिंगचा गोल गोट. मी कुणाच्या हाताखाली शिकलेलो नाही. मोडक्या खुर्च्या उसवत गेलो, उसवताना पाहिलं आणि तेच उलट्या क्रमाने शिवलं. या हातातून निघालेलं ते सर्वांत चांगलं काम आहे. गेल्या एप्रिलमध्ये तू आलीस, "छान" म्हणालीस आणि लाकडी स्टुलावर जाऊन बसलीस. मी फारच आग्रह केला तेव्हा पिशवीतून स्वतःचा टॉवेल काढलास, खुर्चीवर पसरलास आणि त्यावर टेकलीस. टेकलीसच, बसली नाहीस.

माझ्या कामावर आजवर कुणी टॉवेल पसरलेला नाही.

सध्या सिनेमागृहाच्या खुर्च्यांचं काम घेतलं आहे. लोक अंधारात त्यांच्या कडा कुरतडतात. तुझी भावजय ठीक आहे.

तुझा भाऊ


१४ फेब्रुवारी

खिळ्या,

तोंडात खिळे असताना तू गप्प असतोस तेवढंच बरं. हातात पेन आलं की आवरत नाहीस.

माझ्या वयाची बाई खुर्चीवरून रुसते का? शिकाऊ लोकांची गर्दी आहे, लायसन्सच्या परीक्षा तोंडावर आहेत. काल एकाने ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि वर मलाच विचारलं, "बाई, गाडी अशी का करते?" अशांना टाकून कशी येऊ?

टॉवेलाची मला सवय आहे. खुर्ची छानच झाली आहे. तू गाडीच्या सीटला घालून दिलेलं रेक्झिनचं कव्हरही अजून नव्यासारखं आहे. सगळे विचारतात कुणी केलं म्हणून.

पुढच्या वर्षी बघू.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

सवय कधीपासून? त्याआधीच्या वर्षी याच खुर्चीत पाय वर घेऊन दुपारभर झोपायचीस. घोरायचीस.

आणखी ऐक. गेल्या वर्षी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून स्वतःची चादर स्वतः धुवायचीस. हिने "मी टाकते ना मशीनमध्ये" म्हटलं तर तिच्या अंगावर आलीस. जेवायला बसलीस तर टेबलाच्या पार टोकाला. हे मी तेव्हाच पाहिलं होतं, बोललो नव्हतो. त्याचा अर्थ एकच होतो. आमच्या घरचं काही तुला अंगाला लावून घ्यायचं नाही. बाबांच्या वस्तूला मी हात लावला, ते तुला अजून खुपतंय.

तर आता नीट वाच. खुर्चीचं जुनं कापड मी टाकलेलं नाही. गुंडाळून माळ्यावर ठेवलं आहे. बाबांच्या कोपरांनी झिजलेल्या दोन जागासुद्धा त्यात तशाच आहेत. तू म्हणालीस तर माझं काम उसवतो आणि तेच विटकं पुन्हा चढवतो.

गिऱ्हाइकाने पैसे परत मागितले तरी मी माझं काम उसवलेलं नाही. तुझ्यासाठी उसवीन. पण ये.

भाऊ


१ मार्च

खिळ्या,

उसवू नकोस.

तुझं पत्र गाडीत वाचलं आणि शिकवणीला आलेल्या माणसाला दोन चकरा फुकट मारू दिल्या, कारण मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचत होते. आता सांगते. बायकोला सांगितलंस तरी चालेल, नाहीतरी तुझ्या पोटात राहणार नाही.

मला डायबेटिस आहे हे तुला ठाऊक आहे. त्याच्या मागोमाग दुसरंच एक आलं, ते मी कुणाला सांगितलं नाही. पोटाची घडी जिथे खाली पडते तिथे, छातीखाली, आणि जिथलं नाव मी धाकट्या भावाला लिहिणार नाही तिथेही, कातडी लालभडक होते. सतत ओली राहते. कडेला बारीक पुरळ येतं. खाज अशी सुटते की शिकाऊ माणूस गाडी ट्रकसमोर नेतोय याचंही भान राहत नाही. आणि वास येतो, आंबूस. मला येतो म्हणजे सगळ्यांना येत असणार.

कोपऱ्यावरचा औषधवाला एक लाल झाकणाची ट्यूब देतो. लावली की चार दिवसांत खाज थांबते, मी ट्यूब बंद करते, महिना जात नाही तोच पुन्हा तेच. दीड वर्ष हाच खेळ चालू आहे. डॉक्टरांना दाखवायचं म्हणजे कपडे वर करून दाखवायचं. शुगर तपासायला जाते तेव्हाही गप्प बसून परत येते.

तुझी खुर्ची इतकी सुंदर झाली होती रे. म्हणूनच बसले नाही. उठल्यावर मागे ओल राहिली, डाग पडला, वास राहिला तर? चादरीचंही तेच, टेबलाच्या टोकाचंही तेच. त्यात तुझ्यावर राग कुठेच नव्हता.

आता कळलं ना? म्हणून येत नाही. हे पुरतं गेल्याशिवाय मी कुणाच्याच घरी बसणार नाही.

ताई


६ मार्च

ताई,

एवढंच? मी वर्षभर तळमळत होतो आणि कारण निघालं एक घडी!

घड्यांच्या बाबतीत तुझ्या भावाला कुणी शिकवायला नको. बटणांच्या सोफ्यात नेमकं हेच होतं. कापडाला कापड चिकटतं, मध्ये ओल धरते, तिथेच बुरशी येते. वरून सोफा चकाचक आणि घडीत बोट घातलं की काळं. उपाय एकच. दोन बाजू एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत.

सोबतच्या पार्सलमध्ये एक पट्टा पाठवतोय. आत अर्ध्या इंचाचा फोम, वरून माझ्याकडचं सर्वांत मऊ रेक्झिन, पाण्याचा थेंबही न शोषणारं. मागे रुंद इलॅस्टिक. कडा टोचू नयेत म्हणून सभोवार पाइपिंग केलं आहे. घडीखाली घालायचा आणि दिवसभर विसरून जायचं. छातीखालीही असाच एक देता येईल, आधी हा कसा बसतो ते कळव.

माप कसं घेतलं विचारशील. हिच्या पोटावर दोन उशा बांधून तिला उभं केलं. त्यावर ती जे बोलली ते तुला कळवण्यासारखं नाही.

खुर्ची आहे तशीच ठेवतो. एप्रिलचं नक्की कर.

भाऊ


१५ मार्च

खिळ्या,

पट्टा मिळाला. छान बसतो. एवढी मेहनत घेतलीस, काय बोलू.

परीक्षांची धावपळ आहे. सवडीने लिहीन.

ताई


१० एप्रिल

ताई,

सवड काही झालेली दिसत नाही.

पट्टा छान बसतो एवढंच कळवलंस. मला तपशील हवा होता. घाम किती कमी झाला? इलॅस्टिक सैल पडतं का? दुसरा पट्टा जरा वेगळा बेततो आहे, त्याला मधोमध एक टीप जास्त. सिनेमागृहाचे मॅनेजरही पोटाने भरदार आहेत. त्यांच्यापाशी तुझं नाव न घेता विषय काढला होता. बघतो म्हणाले.

तू यायची ती तारीख उलटून गेली. पट्टा आहे, मग आता अडचण कसली?

भाऊ


१८ एप्रिल

खिळ्या,

मॅनेजरना काही देऊ नकोस. आधी हे वाच.

पट्टा छान बसतो हे खरंच लिहिलं होतं. इतका छान बसतो की आत वारासुद्धा शिरत नाही. तू पाइपिंग केलं होतंस, म्हणून मी तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत बांधायचे. तिसऱ्या दिवशी कातडी फाटली. पाणी लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. तरी तुला लिहवेना आणि पट्टा सोडवेना.

मग एक गंमत झाली. माझ्याकडे एक नर्सबाई गाडी शिकायला येतात. बाकी सगळं उत्तम, रिव्हर्स म्हटलं की स्टिअरिंगच सोडून देतात. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी भिंतीसमोर गाडी लावून त्यांची समजूत घालत होते. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही तिरक्या का बसलाय?"

"समोर बघा."

"समोर भिंत आहे आणि गाडी बंद आहे. तुम्हाला डायबेटिस आहे ना?"

"कुणी सांगितलं?"

"पुढे काचेपाशी गोळ्यांची पाकिटं, मागच्या सीटवर केकचा डबा. मी मधुमेहाच्या विभागातच असते. कुठे झालंय? पोटाखाली की जांघेत?"

त्या अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "रोज अशा चार-पाच बायका येतात. पुरुषही येतात. प्रत्येकाला वाटतं हे आपल्या एकट्यालाच झालंय. चला, आत्ताच दाखवू. मी चालवते."

"गाडी रिव्हर्सने बाहेर काढावी लागेल."

"काढते."

आणि काढली की! कुठे खरचटू न देता. मी शिकवून थकले होते ते माझ्या अब्रूच्या बदल्यात एका फटक्यात जमलं.

त्यांच्या विभागातल्या डॉक्टरबाईंनी पाहिलं, कातडीचा जरासा कीस तपासायला घेतला. बुरशीच आहे. ऊब, ओल आणि रक्तात वाढलेली साखर, तिला हवं ते सगळं माझ्याकडे होतं. लाल ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्याने लाली दबायची, खाज दबायची, बुरशी आत मजेत राहायची. आता नुसत्या बुरशीचं मलम दिलंय, पातळ लावायचं, आणि कातडी स्वच्छ दिसायला लागली तरी त्या सांगतील तोवर थांबायचं नाही. मी नेमकी तिथेच थांबायची. अंघोळीनंतर घासायचं नाही, टिपायचं, मग पंख्याखाली कोरडं होऊ द्यायचं. पावडर बंद, तिचा ओलसर लगदा होतो. घडीत सुती कापडाची एकेरी पट्टी ठेवायची, तिचं टोक बाहेर राहील अशी, म्हणजे ओल कापडातून बाहेर येऊन वाऱ्याला लागते. ओली झाली की बदलायची. लाली पसरली, पू दिसला किंवा ताप आला तर वाट न बघता यायचं.

शुगरची तीन महिन्यांची सरासरी बघून डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. म्हणाल्या, ही खाली आली नाही तर मलम लावून लावून दमाल. माझ्याकडे पास झालेला प्रत्येक जण केक आणून देतो, हे तुला माहीतच आहे. जेवण चुकलं की तेच माझं जेवण. भरीस भर म्हणजे गोळ्याही कधी घ्यायच्या, कधी विसरायच्या. आता गोळ्या बदलल्यात आणि वेळाही ठरवून दिल्यात.

तुझा पट्टा नर्सबाईंनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "कुणी केला?"

"भावाने."

"काम फार सुंदर आहे. पण पुन्हा घालू नका."

गाडीच्या सीटचं कव्हरही त्यांनी काढायला लावलं. उन्हात बंद गाडी आणि खाली रेक्झिन, म्हणजे दिवसभर मी वाफेवरच बसत होते.

रागावू नकोस रे. आधीच सांगायला हवं होतं.

ताई


२६ एप्रिल

ताई,

पत्र पोचलं. मॅनेजरांना पट्टा देत नसल्याचं कळवलं. पट्टा परत पाठव, फोम चांगला आहे, वाया जाऊ नये.

प्रकृतीला जप.

भाऊ

वन्सं, खाली उरलेल्या जागेत मी लिहिते आहे, यांना माहीत नाही. काल दुपारी दुकानात गेले तर हे शर्ट काढून, उघड्या पाठीने, रेक्झिनच्या सोफ्यावर टेकून बसले होते. पंखा बंद. म्हटलं, हे काय? तर म्हणाले, बघतोय. बऱ्याच वेळाने उठले तेव्हा पाठ सोलून निघाल्यासारखा आवाज झाला, तो मला आतल्या खोलीत ऐकू आला. तुम्ही बऱ्या व्हा. आणि आलात की चादर माझ्याकडे टाकायची, आत्ताच सांगून ठेवते. मला पोटाला उशा बांधून उभं केलं गेलंय, त्यापुढे चादर म्हणजे काहीच नाही.


९ मे

ताई,

हिने माझ्या पत्रात घुसखोरी केल्याचं मला नंतर कळलं. लिहिलंय ते बहुतेक खरं आहे. आवाजाचं वर्णन वाढवून केलं आहे.

मी तपासून पाहिलं. सोफ्याचं मी बोललो होतो त्यातलं निम्मं बरोबर होतं. दोन बाजू चिकटू द्यायच्या नाहीत, हे ठीक. पण सोफ्याला घाम येत नाही, हे मी धरलंच नव्हतं. माणसाला आतून ओल येते. तिला बाहेर जायला वाट हवी आणि मी वाट बुजवून वर पाइपिंग केलं. नर्सबाईंनी हे सुई हातात न धरता ओळखलं. त्यांना माझा नमस्कार सांग.

आता पट्ट्यांचं. घरच्या जुन्या चादरी तू फाडून वापरत असशील. तसं करू नकोस. फाडलेल्या कडेचे दोरे सुटतात आणि ओल्या कातडीला टोचतात. कड दुमडून शिवली तर शिवणीचा उंचवटा घासतो. म्हणून मी मलमल आणली, धुऊन धुऊन तिची खळ पार काढली आणि कडा नागमोडी कात्रीने कापल्या. दोरा सुटत नाही, उंचवटा नाही. लांबी घडीपेक्षा जास्त ठेवली आहे, म्हणजे टोक बाहेर राहील. एक गठ्ठा पाठवतोय. रोज धुवायच्या, उन्हात वाळवायच्या. नर्सबाईंना आधी दाखव. त्या हो म्हणाल्या तरच वापर.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला एक अख्खा चहा लागला.

सीटसाठी सुती कव्हर केलं आहे, नाड्यांचं, काढून धुता येईल असं. रेक्झिनचं फेकू नकोस, टपावर ठेवायच्या सामानाला उपयोगी पडेल.

भाऊ


२ ऑगस्ट

खिळ्या,

नर्सबाईंनी पट्ट्या पाहिल्या. कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे नागमोडी कापायचं आम्हाला कुणाला सुचलं नाही." तुझी छाती फुगू दे. पण कापड तेच वापर म्हणाल्या, नवा शोध लावू नको म्हणाल्या. त्या पास झाल्या. केक आणला नाही. सफरचंद आणलं, एकच, आणि माझ्यासमोर बसून अर्धं स्वतः खाल्लं.

बाकीचे केक मी आता लायसन्सच्या ऑफिसातल्या कारकुनाला देते. माझे विद्यार्थी एकदम चांगलं चालवायला लागलेत असं त्याचं मत झालंय.

कातडी स्वच्छ झाली. सांगितलं तेवढे दिवस मलम लावलं, खाज नव्हती तरी लावलं. जुलैच्या दमट हवेत जांघेत पुन्हा जरा लाल दिसलं. पूर्वीची मी असते तर लाल ट्यूब काढून गप्प बसले असते. या वेळी त्याच आठवड्यात दाखवून आले. "लवकर आलात" डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि लवकरच गेलं. पुन्हा येणारच नाही असं कुणी म्हणालं नाही. पण आता ते आलं तर मला ओळखता येतं आणि त्याची लाज वाटत नाही. मार्चमध्ये तुला लिहिलं होतं, पुरतं गेल्याशिवाय कुणाच्या घरी बसणार नाही. ते मागे घेते. असा नियम केला तर घरातच म्हातारी व्हायची.

सरासरी खाली उतरली आहे. डॉक्टरबाईंनी या वेळी चष्मा काढला नाही.

विसाव्या तारखेच्या सकाळच्या बसने येते. पंधरा दिवस राहीन. मलम, पट्ट्या आणि गोळ्या बरोबर असतील.

टॉवेल आणत नाही.

ताई


६ सप्टेंबर

ताई,

तू सुखरूप पोचल्याचं फोनवर कळलंच. तरी लिहितोय, कारण काही गोष्टी तू समोर असताना बोलायच्या राहिल्या. एक तर तू ऐकून घेत नाहीस.

खुर्चीचं कापड तुझ्या लगेच लक्षात आलं नाही, याचं मला जरा वाईट वाटलं होतं. दाराशी पिशवी टाकलीस, "हुश्श" केलंस आणि सरळ जाऊन बसलीस. रेक्झिन गेलं, त्या जागी जाड सुती कापड आलं, हे दुसऱ्या दिवशी दुपारी विचारलंस, तेही अर्धवट झोपेत. हो, मी उसवलं. आजवर माझं एवढंच एक काम मी उसवलं आहे. हात टेकायच्या जागी बाबांच्या जुन्या कापडाचे दोन तुकडे बसवले आहेत, कोपरांनी झिजलेले. ते तुला अजूनही दिसलेले नाहीत. आता पुढच्या खेपेला बघ.

तुझ्या चादरी हिने मशीनमध्ये टाकल्या. तुम्ही दोघी दोरीपाशी उभ्या राहून त्या वाळत घालत होतात आणि मला न सांगता हसत होतात. उशांवरूनच असणार.

काल दुकान बंद करून घरी आलो आणि खुर्चीत बसलो. मधोमध दाबल्यासारखं लागलं. हात घालून पाहिलं तर काथ्या डावीकडे सरकला आहे. तू दुपारी त्याच कुशीला वळून पंधरा दिवस झोपलीस, घोरलीस, त्याचा हा खड्डा. दुसऱ्या कुणाच्या खुर्चीत मला असा खड्डा दिसला असता तर ती त्याच दिवशी उलटी केली असती.

हिने मघाशी ती झटकून सारखी करायला हात घातला. म्हटलं, राहू दे.

तुझा भाऊ